संमतिपत्राच्या ओळी

१/
गेल्या उन्हाळ्यात एका नेत्रचिकित्सालयात माझ्यासमोर तीन पानी कागद ठेवण्यात आला. माथ्यावर ‘संमतिपत्र’ असे छापले होते आणि तळाशी सहीसाठी जागा होती. मधल्या मजकुरात लेसरने चष्म्याचा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेतील धोके एकाखाली एक मांडले होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या हाती कोणताही कागद आला की त्याला तीन प्रश्न पडतात: हा कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि कशासाठी लिहिला? सही न करता तो कागद मी रत्नागिरीला घरी आणला. त्या कागदाचा शोध घेताना जे हाती लागले, ते आजच्या थ्रेडमध्ये मांडत आहे.

२/
प्रथम माझा स्वार्थ सांगतो. दोन्ही डोळ्यांना उणे सहाचा नंबर आहे. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात दुचाकी चालवणाऱ्या चष्मेवाल्याचे हाल कोकणातल्यांना सांगावे लागणार नाहीत. काच पुसावी तर रुमाल ओला, न पुसावी तर समोरची एसटी दिसत नाही. त्यातच माझ्या मावसबहिणीने अशीच शस्त्रक्रिया करून घेतली होती. तिला लांबचे लख्ख दिसते. मात्र दोन वर्षे झाली तरी पुण्यातल्या वातानुकूलित कार्यालयात तिला दिवसातून चार-पाच वेळा डोळ्यांत थेंब घालावे लागतात. ‘असे होऊ शकते हे तुला सांगितले होते का?’ असे मी विचारले. ती म्हणाली, ‘कागदावर होते रे. वाचले कोणी?’

३/
कागदावरच्या मुख्य ओळी अशा होत्या: डोळे कोरडे पडणे. रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे. कापलेला पापुद्रा सरकणे किंवा त्याला सुरकुती पडणे. जंतुसंसर्ग. नंबर पूर्ण न जाणे, अथवा काही वर्षांनी परत येणे. आणि शेवटी, कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगणे.
वाचताना हे सारे एकाच माणसाने एका बैठकीत लिहिले असावे, असे वाटते. तसे ते नाही. यातील बहुतेक ओळी वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या देशांत कोणाच्या तरी डोळ्याला इजा झाल्यानंतर लिहिल्या गेल्या. त्या लिहिल्या जाण्यासाठी आणखी एक अट होती. इजा झाल्यावर ती पाहण्यास कोणीतरी तेथे थांबलेले असावे लागते.

४/
ही अट समजून घेण्यासाठी लेसरच्या पुष्कळ मागे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपर्यंत जावे लागेल. डोळ्यावर माणसाने पहिले मोठे धाडस केले ते मोतीबिंदूसाठीच.
सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘लिंगनाश’ या विकारावर शलाकेने करावयाच्या क्रियेचे वर्णन आहे. डोळ्याच्या बाजूने शलाका आत घालून दृष्टी अडवणारा दोष दूर सारायचा, ही तिची रीत. समाजमाध्यमांवर हे वर्णन अभिमानाने फिरत असते आणि ते योग्यच आहे. त्याच प्रकरणात पुढे काय लिहिले आहे, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो.

५/
तेथे चुकीच्या जागी वेध झाल्यास होणारा रक्तस्राव, वेदना, लाली अशा उपद्रवांची चर्चा आहे. कोणावर ही क्रिया करू नये, हेही सांगितले आहे. शलाका सदोष असल्यास काय बिघडते, याचीही दखल घेतली आहे. क्रियेनंतर रुग्णाने शिंक, खोकला, ढेकर, थुंकणे, अंग थरथरणे टाळावे अशी पथ्ये आहेत.
म्हणजे प्राचीन ग्रंथकाराला कृतीइतकीच तिच्यातील धोक्यांची नोंद महत्त्वाची वाटली. माझ्या तीन पानी कागदाचा दूरचा पूर्वज शोधायचा झाला, तर तो येथे सापडतो.

६/
पुढील शतकांत ही क्रिया ग्रंथापेक्षा हातांतून हातांत गेली. भारतात फिरते वैद्य गावोगावी जाऊन सुईने मोतीबिंदू ‘पाडत’. धूसर झालेले भिंग डोळ्यातून बाहेर येत नसे. ते फक्त मागे, डोळ्याच्या आतल्या पोकळीत ढकलले जाई. वाट मोकळी होताच रुग्णाला त्याच क्षणी बोटे मोजता येत. आंधळ्याला दिसू लागले, हा चमत्कार साऱ्या गावासमोर घडे.
ढकललेले भिंग मात्र आतच राहिलेले असे. कधी ते पुन्हा वर येई, कधी डोळा सुजे, कधी आतला दाब वाढून काचबिंदू होई, कधी पू होऊन डोळाच जाई. हे घडेपर्यंत दिवस, आठवडे किंवा महिने लोटत. तोवर वैद्य पुढच्या गावी गेलेला असे.

७/
या वैद्यांना सरसकट भोंदू ठरवणे अन्यायाचे होईल. पुष्कळांचा हात सफाईदार होता आणि काही रुग्णांची दृष्टी टिकतही असे. अडचण वेगळी होती. जो फिरता आहे त्याला आपल्या कामाचा शेवट कधीच दिसत नाही. त्याच्या स्मरणात फक्त पट्टी सोडतानाचा आनंद उरतो. तो खोटे बोलत नव्हता. त्याने यशच पाहिले होते. अपयश पाहण्याची सोय त्याच्या व्यवसायाच्या रचनेत नव्हती.
हा मुद्दा ध्यानात ठेवावा. तो पुढे टोकियो, मॉस्को आणि न्यूयॉर्क येथेही आपल्याला भेटणार आहे.

८/
आता या कथेतील मराठी पान. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी भोसले, जन्म १७७७, राज्यारोहण १७९८, निधन १८३२. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला आणि राजांकडे किल्ला, वाडा व तनखा उरला. सत्ता गेलेल्या या राजाने उरलेले आयुष्य विद्येत घातले. सरस्वती महाल ग्रंथालयाला आजचे वैभव मिळाले ते प्रामुख्याने त्यांच्यामुळे. १८०५ च्या सुमारास त्यांनी वाड्यात देवनागरी छापखाना उभारला. ‘धन्वंतरी महाल’ या संस्थेत देशी वैद्यक आणि युरोपीय वैद्यक यांचा एकत्र अभ्यास चाले.

९/
सरस्वती महालात मोडी लिपीतील मराठी दफ्तर आहे, संस्कृत पोथ्या आहेत, तमिळ वैद्यकग्रंथ आहेत. आणि त्यांच्याच सोबत, १८२० च्या दशकातील नेत्ररुग्णांची चाळीसहून अधिक टिपणे आहेत. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात ज्याला ‘केसपेपर’ म्हणतात, तीच ही वस्तू. रुग्ण कोण, तक्रार काय, डोळ्याची स्थिती कशी, उपचार कोणता केला आणि नंतर काय झाले, हे त्यात इंग्रजीत नोंदलेले आहे. सोबत रुग्णांच्या डोळ्यांची चित्रे काढलेली आहेत. या कामी मॅकबीन नावाच्या युरोपीय डॉक्टरांचे साहाय्य होते.

१०/
‘शस्त्रक्रिया करणारा राजा’ म्हणून सरफोजींची कीर्ती सांगितली जाते. प्रत्येक वेळी शस्त्र राजांच्या हाती होते की डॉक्टरांच्या, या वादात मी येथे शिरत नाही. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट तो केसपेपर आहे.
फिरत्या वैद्याचा रुग्ण पट्टी सुटताच त्याच्या नजरेआड होई. तंजावरचा रुग्ण कागदावर राहिला. शस्त्रक्रियेआधीचा डोळा आणि नंतरचा डोळा यांची तुलना करण्याची सोय निर्माण झाली. चित्राला खुशामत करता येत नाही. डोळा लाल असेल तर चित्रकाराला तो लाल रंगवावा लागतो. हरलेल्या राजाच्या दरबारात हा प्रामाणिकपणा जपला गेला, याचे मला विशेष वाटते.

११/
पुढे मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट यांनी सुईने मोतीबिंदू पाडण्याच्या देशी क्रियेचा सविस्तर अभ्यास केला. १९१७ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये त्यांनी त्यावर व्याख्याने दिली आणि १९१८ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. अशा शेकडो डोळ्यांची तपासणी, आणि काढून टाकाव्या लागलेल्या डोळ्यांची चिरफाड, हा त्यांच्या पुस्तकाचा पाया होता.
येथे साधनचिकित्सा हवी. एलियट वसाहतीच्या सेवेतील डॉक्टर होते; देशी वैद्य त्यांचे प्रतिस्पर्धी. शिवाय ज्याचा डोळा नीट राहिला तो रुग्णालयात कशाला येईल? त्यांच्या दारी बिघडलेलेच डोळे अधिक येणार.

१२/
म्हणजे वैद्याला फक्त यश दिसत होते आणि रुग्णालयाला मुख्यतः अपयश. खरे प्रमाण कळायचे असेल तर ज्या-ज्या माणसावर शस्त्रक्रिया झाली त्या प्रत्येकाला शेवटपर्यंत गाठावे लागते. ही गोष्ट आज उघड वाटते. तिला जगभर स्थिरावण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. आणि आता आपण मोतीबिंदूकडून चष्म्याकडे वळू, कारण हा धडा नेमका तेथेच पुन्हा शिकावा लागला.
एक भेद आधी नोंदवतो. मोतीबिंदूचा रुग्ण आंधळा होत चाललेला असतो. त्याने धोका पत्करणे समजू शकते. चष्म्याच्या नंबरासाठी शस्त्रक्रिया करणाऱ्याचा डोळा निरोगी असतो. तेथे गमावण्यासारखे बरेच असते.

१३/
जपानमधील त्सुतोमु सातो यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून कॉर्नियावर बारीक छेद घेऊन तिचा आकार बदलण्याचे प्रयोग केले. कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या समोरचा पारदर्शक पडदा. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. ती थोडी चपटी झाली की लांबचे स्पष्ट दिसू लागते. सातोंनी छेद बाहेरून तसेच आतूनही घेतले. शेकडो डोळ्यांवर ही क्रिया झाली. रुग्ण आनंदी होते आणि डॉक्टरही.
कॉर्नियाच्या आतल्या बाजूस पेशींचा एक नाजूक थर असतो. तोच आतले पाणी बाहेर ओढून कॉर्निया पारदर्शक ठेवतो आणि माणसात तो पुन्हा वाढत नाही. त्या काळी याचे महत्त्व कळलेले नव्हते.

१४/
सातोंच्या छेदांनी तो थर जखमी झाला होता. उरलेल्या पेशींनी वर्षानुवर्षे भार वाहिला आणि मग त्या थकल्या. साधारण वीस वर्षांनंतर एकेका रुग्णाची कॉर्निया पाणी धरून सुजू लागली, ढगाळ झाली, तिच्यावर वेदनादायक फोड उठू लागले. तरुणपणी चष्मा टाकलेली माणसे प्रौढपणी दृष्टी गमावू लागली.
यात कोणाची लबाडी नव्हती. पहिल्या वर्षी घेतलेली प्रत्येक नोंद खरी होती. फक्त ती पहिल्या वर्षाची होती.

१५/
१९७० च्या दशकात मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी फक्त बाहेरून, चाकाच्या आऱ्यांसारखे छेद घेण्याची पद्धत रूढ केली. पुढे त्यांच्या संस्थेत फिरत्या पट्ट्यावर रुग्ण एका सर्जनकडून दुसऱ्याकडे सरकत आणि प्रत्येक जण आपापला टप्पा उरकी. ही क्रिया अमेरिकेत पोहोचली, तेव्हा तेथील राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या पाठबळाने एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. ठरावीक रुग्णांचा माग दहा वर्षे काढण्यात आला. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंतच्या काळात ४३ टक्के डोळ्यांचा नंबर एक किंवा त्याहून अधिक अंकाने अधिक बाजूकडे सरकला होता. कॉर्निया चपटी होण्याचे थांबलेच नव्हते.

१६/
याच शस्त्रक्रियेचा आणखी एक परिणाम एव्हरेस्टवर दिसला. मे १९९६ मधील प्रसिद्ध दुर्घटनेत सापडलेले अमेरिकन डॉक्टर बेक वेदर्स यांचे डोळे असे छेद घेऊन दुरुस्त केलेले होते. अतिउंचीवर प्राणवायू कमी पडला, छेदलेली कॉर्निया सुजली, तिचा आकार बदलला आणि शिखराच्या वाटेवर त्यांना दिसेनासे झाले. ते थांबून राहिले. नंतर वादळ आले. ते वाचले, पण हिमदंशाने उजवा हात, डाव्या हाताची बोटे आणि नाक गमवावे लागले. समुद्रसपाटीवर केलेल्या कोणत्याही तपासणीत हा धोका दिसला नसता.

१७/
लेसरचा प्रवेश येथे होतो आणि त्यात एक भारतीय नाव आहे. मद्रासमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्क राज्यातील आयबीएमच्या प्रयोगशाळेत अतिनील एक्सायमर लेसरने प्लास्टिकवर सूक्ष्म कोरीव काम करत. नोव्हेंबर १९८१ मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीचा तुकडा प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर लेसर सोडला. कूर्चेत स्वच्छ खाच पडली. आजूबाजूस जळल्याची खूण नव्हती. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे त्यांचे सहकारी. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीव्हन ट्रोकेल यांच्यासह त्यांनी वासरांच्या डोळ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले.

१८/
चाकूच्या जागी १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश आला. तो कॉर्नियाचा अत्यंत पातळ थर उडवतो. खाली उष्णता फारशी पोहोचत नाही. पण जिवंत, पाहणाऱ्या मानवी डोळ्यावर पहिला प्रयोग कोणावर करायचा?
१९८८ मध्ये अमेरिकेतील मार्गरिट मॅकडोनाल्ड यांच्याकडे एक स्त्री आली. कर्करोगामुळे तिचा डोळा लवकरच काढून टाकावा लागणार होता. त्याआधी त्या डोळ्यावर लेसर वापरून पाहावा, असे तिने स्वतःहून सुचवले. शस्त्रक्रिया झाली, जखम कशी भरते हे थोडे दिवस तपासले गेले आणि मग डोळा काढण्यात आला. तिला स्वतःला त्यातून काहीही मिळणार नव्हते. या इतिहासातील सर्वांत उदार संमती तिची होती.

१९/
आरंभीच्या पद्धतीत कॉर्नियाच्या पृष्ठभागावरच लेसर मारत. जखम उघडी राही, काही दिवस दुखे आणि काहींच्या डोळ्यांत धूसर डाग येई. कोलंबियात होसे बॅरॅकेर यांनी १९४० च्या दशकापासून कॉर्नियाची चकती कापून, गोठवून, घासून पुन्हा बसवण्याचे तंत्र विकसित केले होते. ती कल्पना आणि लेसर यांचा मेळ १९९० च्या सुमारास ग्रीसमधील क्रीट बेटावर योआनिस पॅलिकारिस यांनी घातला. कॉर्नियाचा पातळ पापुद्रा एका बाजूने जोडलेला ठेवून उचलायचा, खाली लेसर मारायचा आणि पापुद्रा परत बसवायचा. हीच ‘लेसिक’. वेदना कमी झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दिसू लागले. फिरत्या वैद्याच्या काळातील तो तात्काळ चमत्कार नव्या रूपात परतला.

२०/
आता माझ्या कागदावरच्या ओळी उलगडू लागतात.
‘पापुद्रा सरकणे’: पापुद्रा पूर्वीइतका घट्ट कधीच जुळत नाही, काही वर्षांनंतरही जोराचा मार बसून तो सरकल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.
‘डोळे कोरडे पडणे’: पापुद्रा कापताना कॉर्नियातील बारीक नसा कापल्या जातात. अश्रू आणि पापण्यांची उघडझाप यांना सूचना देणाऱ्या नसा याच. बहुतेकांच्या त्या काही महिन्यांत बऱ्याच अंशी पुन्हा वाढतात. काहींचा त्रास रेंगाळतो. मावसबहीण रत्नागिरीच्या दमट हवेत सुट्टीला आली की तिला थेंब फारसे आठवत नाहीत, यामागचे कारण मला येथे उमगले.
‘दिव्यांभोवती वलये’: अंधारात बाहुली मोठी होते आणि लेसरने घडवलेल्या भागाच्या कडेवरून आलेला प्रकाशही आत शिरतो.

२१/
शेवटची ओळ सर्वांत गंभीर आहे: कॉर्निया पुढे फुगणे. १९९८ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओ झायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसिकनंतर कॉर्निया कमकुवत होऊन फुगल्याची मोजकी प्रकरणे प्रसिद्ध केली. पापुद्रा कापून वर लेसरने थर उडवल्यावर खाली पुरेशी जाडी उरली नाही, किंवा कॉर्निया जन्मतःच दुबळी असली, तर आतल्या दाबाने ती हळूहळू पुढे ढकलली जाते. दृष्टी वेडीवाकडी होते; चष्म्याने ती सुधारत नाही.
त्यानंतर जगभर शस्त्रक्रियेआधी कॉर्नियाची जाडी आणि तिचा आकाराचा नकाशा काटेकोर तपासण्यावर भर वाढला. खाली किमान २५० मायक्रॉन जाडी राखावी, हा दंडक रूढ झाला. पुढे कॉर्निया बळकट करण्याचा उपचारही निघाला.

२२/
मग प्रश्न उरतो प्रमाणाचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनासमोर २००८ मध्ये जाहीर सुनावणी झाली आणि त्रास भोगणाऱ्या रुग्णांनी आपली कैफियत मांडली. त्यातून रुग्णांनाच थेट प्रश्न विचारणारा अभ्यास आखला गेला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीबाबत समाधानी होते. एकूण गटात वलये वगैरे तक्रारी शस्त्रक्रियेनंतर कमीच झाल्या. मात्र ज्यांना आधी अशी एकही तक्रार नव्हती, त्यांपैकी ४३ ते ४६ टक्के लोकांना तीन महिन्यांनी निदान एक नवी तक्रार जाणवत होती. त्यामुळे रोजच्या कामात मोठी अडचण येणारे एक टक्क्याहूनही कमी.

२३/
ही सारी विधाने एकाच वेळी खरी आहेत. जाहिरात पहिले सांगते, घाबरवणारा संदेश तिसरे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने सगळी सांगावीत. लेसिक ही आज पुष्कळ तपासलेली आणि बहुसंख्यांना लाभलेली शस्त्रक्रिया आहे. ‘लेसरने डोळे जातात’ असे म्हणणे चूक आहे. पण ‘काहीच होत नाही’ हेही चूक. एक टक्का ही संख्या आकडेवारीत लहान असते. त्या एका टक्क्यातल्या माणसाला स्वतःचे दोनच डोळे असतात.

२४/
हे वाचणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनी, विशेषतः निर्णयाच्या उंबरठ्यावर असणाऱ्यांनी, डॉक्टरांना पुढील प्रश्न जरूर विचारावेत.
माझ्या कॉर्नियाची जाडी किती, आणि शस्त्रक्रियेनंतर किती उरेल? नकाशात काही संशयास्पद आहे का? माझा नंबर गेले वर्षभर स्थिर आहे का? माझे डोळे आधीच कोरडे आहेत का? आणि माझ्यासारख्या रुग्णांना तुम्ही नंतर किती वर्षे पाहिले आहे?
भरतीची तयारी करणाऱ्यांनी जाहिरातीतील वैद्यकीय अट आधी वाचावी. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदासाठी चष्मा घालवण्याची शस्त्रक्रिया केलेला उमेदवार अपात्र ठरतो. नोकरीसाठी शस्त्रक्रिया करावी आणि तिनेच नोकरी जावी, असे होऊ नये.

२५/
माझे काय झाले, ते सांगून थांबतो. कागद घेऊन मी परत गेलो. डॉक्टरांनी नकाशा पुन्हा काढला, उजव्या डोळ्याच्या खालच्या भागाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, ‘आत्ता नको. वर्षभराने पुन्हा पाहू. कदाचित कधीच नको.’ तेव्हा मी नाराज झालो होतो. पैसे साठवले होते आणि पावसाळा तोंडावर होता.
पुढे १९९८ चे ते लेखन वाचल्यावर त्या ‘नको’ची किंमत कळली. ज्यांच्या डोळ्यांची कॉर्निया फुगली, त्यांना कोणी नकाशा पाहून थांबवले नव्हते. थांबवावे हे तेव्हा पुरेसे ठाऊकच नव्हते. त्यांच्या डोळ्यांची नोंद झाली, म्हणून माझा डोळा आज राखला गेला. तंजावरच्या वाड्यात डोळ्याचे चित्र काढणाऱ्या अनाम चित्रकाराचे आणि माझे नाते याहून निराळे नाही.
संमतिपत्र सही करण्याआधी वाचावे. त्यातील प्रत्येक ओळीमागे एक माणूस आहे.

थ्रेड समाप्त. शंका असल्यास खाली अवश्य विचाराव्यात. स्वतःच्या डोळ्यांविषयीचा निर्णय मात्र थ्रेड वाचून घेऊ नये. तपासणी करूनच घ्यावा.